झाडं, फॉस्फेट आणि एटीपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या कुंड्या सांभाळतो. त्यामुळे दोन प्रकारची माणसं मला प्रश्न विचारतात. बारावीची मुलं विचारतात, ‘सर, एटीपी म्हणजे साठवलेली ऊर्जा ना?’ आणि शेजारच्या काकू विचारतात, ‘अहो, जास्वंदीला स्फुरद घालू का?’ दोघांचा विषय एकच आहे, फॉस्फेट : स्फुरद म्हणजे खतातला फॉस्फरस, आणि एटीपी म्हणजे पेशीत ऊर्जा पोचवणारा, फॉस्फेट असलेला रेणू. हे दोघांनाही ठाऊक नसतं. पुढचे प्रश्न या दोन्ही बाजूंकडून आलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

स्फुरद, फॉस्फरस, फॉस्फेट हे सगळं एकच का?

खताच्या पोत्यावर आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘नत्र, स्फुरद, पालाश’ असतं, पाठ्यपुस्तकात फॉस्फरस असतो. मूलद्रव्य तेच. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने मानवी मूत्र आटवता आटवता ते वेगळं केलं. तो सोनं शोधत होता, हाती लागला अंधारात चमकणारा पदार्थ.

झाडाला मात्र हा शुद्ध फॉस्फरस कधीच भेटत नाही. हवेत पेट घेणारा तो पदार्थ कुठल्याही मुळाला परवडणार नाही. झाड घेतं ते फॉस्फेट, म्हणजे एका फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन. झाडात शिरल्यापासून पान गळून पडेपर्यंत फॉस्फरस याच रूपात राहतो. नत्राचं तसं नाही. नायट्रेट आत आलं की त्याचा ऑक्सिजन काढून अमोनिया करावा लागतो आणि त्यात बरीच शक्ती खर्च होते. फॉस्फेटला असं काही करावं लागत नाही. ते या रेणूवरून त्या रेणूवर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. पुढची सगळी गोष्ट या चिकटण्या-सुटण्याचीच आहे.

जाता जाता पोत्याचं गणित. डीएपी या खतावर १८:४६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे नत्र आणि स्फुरद. त्यातले ४६ टक्के म्हणजे फॉस्फरस नव्हे, तो ‘पी-टू-ओ-फाइव्ह’च्या, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या हिशेबात मांडलेला आकडा आहे. प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे २० टक्के. चेंबूरच्या आरसीएफ या खत कंपनीच्या ‘सुफला १५:१५:१५’मध्येही याच हिशेबाने फॉस्फरस साडेसहा टक्क्यांच्या आसपासच निघतो.

झाड एटीपीमध्ये ऊर्जा साठवून ठेवतं, हे बरोबर आहे का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि चूक मुलांची नसते. ‘ऊर्जेचं चलन’ हा शब्द आपणच त्यांना देतो. चलन म्हटलं की माणूस साठवायचा विचार करतो.

बेस्टच्या कंडक्टरची जुनी चामडी पिशवी आठवा. तिच्यात सुट्टे पैसे असायचे, पण ती कोणाची पुंजी नव्हती. दादरला चढलेल्या माणसाने दिलेलं नाणं सायनला दुसऱ्याच्या हातात जायचं. पिशवीत कोणत्याही क्षणी फार पैसे नसत, तरी दिवसभराचा व्यवहार त्यावर चालायचा. एटीपी म्हणजे हे सुट्टे. पेशीतला एटीपी नव्याने बनणं थांबलं तर असलेला साठा काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात संपेल. झाडाची खरी पुंजी स्टार्चमध्ये, साखरेत आणि तेलात असते. बटाटा, ऊस, शेंगदाणा ही तिची आपल्या ओळखीची रूपं.

एटीपी हा तीन फॉस्फेट असलेला रेणू. त्यातला शेवटचा फॉस्फेट सुटला की एडीपी उरतो, आणि प्रमाणित परिस्थितीत एका मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल ऊर्जा कामाला मिळते. इथे आणखी एक गैरसमज तयार होतो : बंध तुटला म्हणून ऊर्जा बाहेर आली. कुठलाही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा लागतेच. ऊर्जा मिळते ती तुटल्यानंतर तयार झालेले पदार्थ जास्त स्थिर असतात म्हणून. तीन ऋणभारित फॉस्फेट एकमेकांना खेटून बसलेले असतात, लोकलच्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखे. एक उतरला की सगळ्यांना सैल वाटतं.

शिवाय पेशी एटीपी आणि एडीपी यांचं प्रमाण समतोलापासून मुद्दाम खूप लांब ठेवते. एटीपीचा जोर त्या रेणूइतकाच या राखलेल्या प्रमाणातही आहे. ते प्रमाण ढळलं तर तोच एटीपी निरुपयोगी.

एटीपी सापडला १९२९ साली. जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. आंध्रातल्या भीमावरमचे हे सुब्बाराव. फॉस्फेट मोजायची जी निळ्या रंगाची पद्धत फिस्क आणि त्यांनी १९२५ मध्ये दिली, ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुजली. वर्गात हे नाव घेतलं की मागच्या बाकावरची मुलंही वर बघतात. ऊर्जेच्या देवघेवीतलं एटीपीचं मध्यवर्ती स्थान फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये मांडलं.

पानात एटीपी बनतो कसा? सूर्यप्रकाश थेट फॉस्फेट चिकटवतो का?

थेट नाही, मधे एक धरण आहे. प्रकाशाच्या जोरावर हरितलवकातल्या पापुद्र्यांच्या आत हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, कोंडले जातात. ते बाहेर पडायला धावतात आणि वाट एकच असते : एटीपी सिंथेज नावाचं यंत्र. प्रोटॉन जाताना त्याचा एक भाग खरोखर गोल फिरतो आणि त्या फिरण्याने एडीपीला फॉस्फेट जोडला जातो.

ही धरणाची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा बहुतेकांना ती पटली नव्हती. मग १९६६ मध्ये आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या जातीच्या भाजीची, म्हणजे स्पिनॅचची, हरितलवकं घेतली. ती अंधारात ४ पीएचच्या आम्लात भिजवली आणि एकदम ८ पीएचच्या द्रावणात टाकली. प्रकाशाचा किरणही नसताना एटीपी तयार झाला. कोंडलेले प्रोटॉन पुरेसे होते. माझ्या मते जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी हा एक, आणि साहित्य काय, तर पालेभाजी, आम्ल आणि अंधार. मिचेल यांना १९७८ चं नोबेल मिळालं. फिरत्या यंत्राचा उलगडा करणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ चं.

असाच कारखाना तंतुकणिकेतही (मायटोकॉन्ड्रियात) आहे. तो रात्रंदिवस चालतो, आणि मुळांना तर तोच एक आधार.

पानातला हा एटीपी बहुतेक तिथेच खर्च होतो. एक कार्बन डायऑक्साइड पकडायला तीन एटीपी लागतात. ज्वारी, मका, ऊस यांच्यासारखी पिकं आणखी दोन खर्च करतात आणि त्या बदल्यात उन्हातान्हात कार्बन वाया जाऊ देत नाहीत.

हरितलवक बाहेर पाठवतं ती तीन कार्बनची फॉस्फेट लागलेली साखर. दारावरचा नियम कडक आहे : एक साखर-फॉस्फेट बाहेर, तर एक मोकळा फॉस्फेट आत. बाहेरून मोकळा फॉस्फेट आला नाही तर साखर आतच अडकते आणि तिचा स्टार्च होतो. म्हणून स्फुरदाचा तुटवडा असलेल्या रोपाच्या पानात स्टार्च साचलेला दिसतो आणि रोप मात्र खुरटलेलं असतं. कोठार भरलेलं, पण गाडीच नाही.

मग फॉस्फेटचा साठा असतो कुठे?

पान-खोड-मुळांच्या पेशींमध्ये तो असतो रिक्तिकेत. पेशीच्या मधोमध पाण्याने भरलेली ही मोठी पिशवी. खत भरपूर मिळालेल्या रोपात मोकळ्या फॉस्फेटपैकी ८५ ते ९५ टक्के इथे जाऊन बसतो. पेशीद्रव्यात मात्र त्याची पातळी काटेकोर राखली जाते, कारण तिथल्या कितीतरी विकरांचं (एन्झाइमांचं) काम त्या पातळीवर अवलंबून असतं. बाहेर चैन असो की दुष्काळ, पेशीद्रव्याला तो शक्यतो कळू द्यायचा नाही. आपल्या चाळीत पाणी कधीही जायचं तेव्हा माळ्यावर भरलेलं पिंप असायचं, तसं हे पिंप.

याचा व्यावहारिक परिणाम असा की माती रिकामी झाली तरी झाड लगेच बोलत नाही. पिंप आटेपर्यंत सगळं ठीक दिसतं. तुम्हाला लक्षण दिसतं तेव्हा तुटवडा जुना झालेला असतो.

शैवालं, जिवाणू आणि बुरशी फॉस्फेटच्या लांबच लांब साखळ्या करून साठवतात. आपल्या ओळखीची झाडंझुडपं त्या वाटेने गेलेली नाहीत. त्यांनी बियांसाठी वेगळीच युक्ती काढली.

ती युक्ती म्हणजे फायटिक आम्ल का? मटकी भिजवताना त्याचं काय होतं?

हो, तेच. इनोसिटॉल नावाची सहा कार्बनची कडी असते. तिच्या प्रत्येक कार्बनवर एकेक फॉस्फेट लावला की फायटिक आम्ल झालं. पोटॅशियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त यांना धरून ते बियांमध्ये बारीक गोळ्यांच्या रूपात बसतं. बियांमधल्या एकूण फॉस्फरसपैकी साधारण ६० ते ८० टक्के असाच बांधलेला असतो. तांदूळ-गव्हात हा साठा बहुतेक कोंड्याकडच्या थरात असतो, मक्यात मुख्यतः अंकुरात. पॉलिश केलेल्या तांदळातून तो बराचसा गिरणीतच गेलेला असतो.

हे साठवणं बाळाच्या शिदोरीसारखं आहे. बी जमिनीत पडलं की पहिले काही दिवस मूळ काही आणू शकत नाही. तेवढ्यात नव्या पेशींना केंद्रकाम्लं (डीएनए, आरएनए) हवीत, पेशीपटलं हवीत, एटीपी हवा, आणि या तिन्हींत फॉस्फेट आहे.

आता तुमच्या स्वयंपाकघरात येऊ. मटकी रात्री भिजवता, सकाळी उपसून फडक्यात बांधता. पाणी आत शिरलं की बीमध्ये फायटेज नावाचं विकर जागं होतं आणि कडीवरचे फॉस्फेट एकेक करून सोडवायला लागतं. फॉस्फेटबरोबर त्यांनी धरून ठेवलेलं लोह आणि जस्तही सुटतं. फडक्यात मोड वाढताना दिसतो, त्याच्या मागे ही शिदोरी उघडणं चालू असतं. आपण नेमकं त्याच वेळी ती पळवतो आणि उसळ करतो.

फायटिक आम्ल शरीराला घातक आहे असं व्हॉट्सअॅपवर आलं होतं. डाळी सोडाव्यात का?

नका सोडू. ते विष नाही. ते आतड्यात लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवतं आणि त्यांचं शोषण कमी करतं, इतकंच खरं. माणसाच्या आतड्यात फायटेज पुरेसं नसतं. कोंबड्यांची आणि डुकरांची तीच गत, म्हणून त्यांच्या खाद्यात ते वरून घालतात. गाईला ही अडचण नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात.

ज्यांच्या जेवणात धान्य-डाळींशिवाय फारसं काही नसतं आणि रक्तात लोह कमी असतं, त्यांनी याचा विचार जरूर करावा. उपायही घरचेच आहेत. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. नाचणीची आंबील, इडलीचं पीठ यांत आम्लता वाढते आणि फायटेजला काम करायला वाव मिळतो. लगेच मळून लाटलेल्या चपातीत तेवढा वेळ मिळत नाही. उसळीवर लिंबू पिळण्याचा फायदा मात्र वेगळ्या वाटेने होतो. क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं.

पायरोफॉस्फेट म्हणजे काय?

दोन फॉस्फेट जोडलेले. प्राणी ते बहुतेक तोडून टाकतात. झाडं त्याचाही उपयोग करतात : रिक्तिकेच्या पापुद्र्यावर एक पंप आहे, तो एटीपीऐवजी पायरोफॉस्फेटवर चालतो. काटकसरीचा हा नमुना बारावीला विचारत नाहीत, पण मला आवडतो.

फॉस्फेट ‘निरोप’ देतो म्हणजे नक्की काय?

प्रथिनावर एक फॉस्फेट चिकटला की त्याचा आकार आणि भार बदलतो. झोपलेलं प्रथिन जागं होतं किंवा जागं झोपतं. चिकटवणारी विकरं म्हणजे कायनेज, काढणारी म्हणजे फॉस्फटेज. मोहरीच्या कुळातलं अॅराबिडॉप्सिस हे प्रयोगशाळेतलं लाडकं रोप आहे. त्या एवढ्याशा रोपात सुमारे हजार प्रकारचे कायनेज आहेत. एका पिटुकल्या रोपाला हजार चालू-बंद करणारे हात कशाला हवेत, असं वाटेल. पण झाडाला पळून जाता येत नाही. जे काही करायचं ते जागच्या जागी, म्हणून इतकी बटणं.

मे महिन्यात दुपारी कुंडीला पाणी घालायचं राहून गेलं, तर काय होतं पाहा. अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. ते एका फॉस्फटेजला रोखून धरतं. तो फॉस्फटेज एरवी एका कायनेजला दाबून ठेवत असतो, आता तो कायनेज मोकळा होतो आणि पर्णरंध्राच्या रक्षक पेशीवरच्या एका दाराला फॉस्फेट लावतो. दार उघडतं, क्षार बाहेर पडतात, मागोमाग पाणी जातं, पेशी सैल पडते आणि रंध्र मिटतं. झाड काही मिनिटांत पाण्याची गळती थांबवतं.

खिडकीतलं मनीप्लांट उजेडाकडे झुकतं, त्याच्या सुरुवातीलाही हेच आहे. निळा प्रकाश पडताच फोटोट्रोपिन हे प्रथिन स्वतःच स्वतःला फॉस्फेट लावून घेतं.

आणि ती फायटिक आम्लाची कडी? ती निव्वळ कोठार नाही. ऑक्सिन या संप्रेरकाला ओळखणाऱ्या प्रथिनाची रचना २००७ मध्ये उलगडली, तेव्हा त्याच्या गाभ्यात हीच सहा फॉस्फेटची कडी बसलेली सापडली. जॅस्मोनेट या दुसऱ्या संप्रेरकाला ओळखणाऱ्या प्रथिनात पाच फॉस्फेटवाली. मटकीतला साठा आणि वाढीचा निरोप, कच्चा माल एकच.

मातीत स्फुरद कमी आहे हे झाडाला कळतं कसं? त्याला मेंदू नाही, जीभ नाही.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि त्याचं नीट उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं आहे. आधी वाटायचं की पेशी थेट फॉस्फेट मोजत असेल. ती मोजते दुसरंच काही.

त्या इनोसिटॉलच्या कडीवर सहा जागा. तिथे सहा फॉस्फेट झाल्यावरही पेशी आणखी दोन चढवते, फॉस्फेटवर फॉस्फेट, दादरच्या फलाटावर माणसावर माणूस असतो तसे. झाला आठ फॉस्फेटांचा रेणू. हा बनायला एटीपी आणि फॉस्फेट दोन्हींची सुबत्ता लागते, म्हणून त्याची पातळी म्हणजे घरातल्या शिल्लकीचा बोर्ड.

बोर्ड वाचणारी प्रथिनं म्हणजे एसपीएक्स गट. अशा रेणूंना ती धरतात, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. आठवाला रेणू भरपूर असला की एसपीएक्स त्याला घेऊन पीएचआर१ नावाच्या प्रथिनाला मिठी मारून बसतं आणि कामाला जाऊ देत नाही. तुटवडा आला की रेणू कमी होतो, मिठी सुटते आणि पीएचआर१ डीएनएवर जाऊन दुष्काळाची शेकडो जनुकं चालू करतं.

त्यातलं एक जनुक पानात आरएनएचा छोटासा तुकडा तयार करतं, नाव मिर३९९. तो रसवाहिन्यांतून खाली मुळाकडे उतरतो. मुळात पीएचओ२ नावाचं प्रथिन असतं, त्याचं काम फॉस्फेट आत आणणाऱ्या आणि वर चढवणाऱ्या वाहकांना मोडीत काढणं. मिर३९९ येऊन ते पीएचओ२ बनू देत नाही. लगाम सुटतो, मुळं दोन्ही हातांनी फॉस्फेट ओढायला लागतात. गावी चिठ्ठी पाठवून ‘पुढच्या महिन्यात तांदूळ जरा जास्त पाठवा’ म्हणावं, तसं पान मुळाला कळवतं. गिरणगावातल्या कितीतरी खोल्या अशाच चिठ्ठ्यांवर चालल्या.

तुटवड्यात झाड आणखी काय काय करतं?

पहिलं, घरातलं सोनं मोडतं. पेशीपटलात फॉस्फेट असलेली मेदद्रव्यं असतात. ती काढून त्या जागी साखरेची किंवा गंधकाची मेदद्रव्यं बसवतं आणि सुटलेला फॉस्फेट वापरतं. जुनी पानं रिकामी करून नव्या पानांकडे माल पाठवतं, म्हणून लक्षण आधी खालच्या पानांवर दिसतं : गर्द, मळकट हिरवा रंग आणि कित्येक झाडांत जांभळी झाक.

दुसरं, मुळांचा स्वभाव बदलतं. फॉस्फेट मातीत जवळजवळ हलतच नाही. मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की मुळालाच पुढे जावं लागतं. म्हणून मूलरोम लांब आणि दाट होतात. मातीतल्या पाण्यात फॉस्फेट पेशीच्या साधारण हजारपट कमी असतो. एवढ्या चढावर तो ओढायला एटीपी खर्चून आधी प्रोटॉन बाहेर फेकावे लागतात, मग त्यांच्या परतीच्या ओघात फॉस्फेट आत येतो. फॉस्फेट कमवायलाच फॉस्फेटचे सुट्टे मोजावे लागतात.

तिसरं, आम्लं सोडतं. इथे आपल्या तुरीला मान द्यायला हवा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. ते लोहाला पकडतं आणि लोहाने दाबून ठेवलेला फॉस्फेट मोकळा होतो. ज्वारीत तूर लावायची जुनी रीत आहे. शेतकऱ्याने त्यासाठी पिसिडिक आम्लाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

चौथं, बुरशीला हाक मारतं. भुकेली मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतात, त्याने मायकोरायझा बुरशी जवळ येते आणि साखरेच्या बदल्यात लांबून फॉस्फेट आणून देते. पण ही हाक चोरही ऐकतो. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला हेच रसायन हुंगून उगवतो. त्या रसायनाचं नावही टारफुल्याच्या ‘स्ट्रायगा’ या शास्त्रीय नावावरूनच पडलं.

भाताचं एक उदाहरण सांगायलाच हवं. कासालथ नावाच्या भारतातल्या पारंपरिक वाणात एक जनुक आहे. ते रोपाची मुळं सुरुवातीपासूनच जास्त वाढवतं आणि त्यामुळे कमी स्फुरदाच्या जमिनीतही ते तग धरतं. २०१२ मध्ये हे जनुक नेमकं ओळखलं गेलं. आजच्या कित्येक सुधारित वाणांत ते नाहीच, खताच्या भरवशावर वाण निवडताना ते गळून गेलं असावं.

आमच्या कोकणातल्या लाल मातीत खत घालूनही उपयोग का होत नाही?

जांभ्याच्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर. ती फॉस्फेटला घट्ट धरतात. मातीत फॉस्फेट असतो, मुळाला मिळत नाही. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत हेच काम कॅल्शियम करतं.

पण भाताच्या खाचरात एक गंमत होते. पाणी साचून माती गुदमरली की लोहाचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि धरलेला फॉस्फेट सुटतो. म्हणून त्याच जमिनीत भाताला जे मिळतं ते वरकस जमिनीतल्या पिकाला मिळत नाही.

बाल्कनीतल्या कुंडीला डीएपी घालू का?

माझीच फजिती सांगतो. स्टेशनाजवळच्या एका नर्सरीवाल्याने छातीठोक सांगितलं, ‘फुलं हवीत ना? मूठभर डीएपी मारा.’ मी वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस, तरी मारलं. महिनाभरात जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. हे स्फुरदाच्या कमतरतेचं लक्षण नव्हे, लोह कमी पडल्याचं आहे. जादा फॉस्फेट लोह आणि जस्त दोन्ही अडवून ठेवतो. माती बदलावी लागली. बायको अजून काढते विषय.

शेणखत किंवा गांडूळखत वर्षातून दोनदा घातलेल्या कुंडीत स्फुरद सहसा कमी पडत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलं असेल तर पडू शकतं. बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, हळूहळू सुटतं आणि थोडी आम्ल माती असेल तरच नीट सुटतं. केळीच्या साली मुख्यतः पालाश देतात. तांदळाच्या धुवणात कोंड्याचा थोडा फायटेट जातो, पण तो मातीतल्या सूक्ष्मजीवांनी फोडल्यावरच झाडाला मिळतो. घाला, नुकसान नाही, चमत्काराची वाट पाहू नका.

पवई तलावात जलपर्णी इतकी का माजते?

सांडपाण्यातून येणारं फॉस्फेट आणि नत्र. तुमच्या-माझ्या जेवणातला फॉस्फेट शेवटी मूत्र आणि मैल्यातून तिकडेच जातो. दुसऱ्या टोकाला आपण दगडी फॉस्फेट परदेशातून आणतो. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडाला खाण आहे, पण ती देशाची गरज भागवत नाही, आणि जगातले सुमारे ७० टक्के साठे एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. एका बाजूने बोटीने आणायचं, दुसऱ्या बाजूने खाडीत सोडायचं. ब्रांट यांना मूत्रात फॉस्फरस दिसला होता, आपल्याला अजून दिसत नाही.

शेवटचा प्रश्न, एका विद्यार्थिनीचा : झाडाला बाहेरून एटीपीच दिला तर? सगळी मेहनत वाचेल ना?

मला तो खूप आवडला. पण पेशीचं पटल एटीपी असा सहज आत घेत नाही. एटीपी पेशीच्या आत असायची वस्तू आहे. तो बाहेर दिसला याचा झाडाच्या लेखी अर्थ एकच : शेजारची पेशी फुटली, कुणीतरी चावतंय. असा बाहेरचा एटीपी ओळखणारा ग्राहक २०१४ मध्ये अॅराबिडॉप्सिसमध्ये सापडला. तो स्वतःच एक कायनेज आहे. एटीपी लागताच पेशीत कॅल्शियमची लाट उठते आणि बचावाची जनुकं चालू होतात. तेव्हा पानावर एटीपी फवारलात तर झाड जेवणार नाही, अळी आल्यासारखं दचकेल. हे ऐकून ती म्हणाली, ‘म्हणजे सर, सुट्टे रस्त्यावर सांडलेले दिसले तर कंडक्टर पडलाय असं समजायचं.’

तिला पैकीच्या पैकी गुण दिले.